पत्र्यावरचे दगड

सातवीच्या वर्गात आम्ही भूगोल शिकवत होतो. अँडीज पर्वतातले ज्वालामुखी नकाशावर दाखवताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बरं झालं, आपल्या नांदेडला असा डोंगर नाही!” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तिचे बोलणे मनातून जाईना.

त्या डोंगरांत धोका केवळ लाव्ह्याचा नसतो. कोलंबियातला नेवाडो डेल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री फुटला. माथ्यावरचे बर्फ वितळले आणि राख, दगड व पाणी यांचा चिखल नदीच्या पात्रातून धावत सुटला. आर्मेरो गावात तो पोहोचायला सुमारे अडीच तास लागले. उंच जागी जायला एवढा वेळ पुरला असता. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, दुपारपासून राखही पडत होती. तरी लोकांना ‘घाबरू नका, घरातच थांबा’ असे सांगितले गेले. वीस हजारांहून अधिक माणसे गेली.

आपली काळी माती आणि काळा दगड हीदेखील लाव्ह्याचीच देणगी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तो लाव्हा केव्हाच थंड झाला. जमीन मात्र अजून हलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादच्या गावांत दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. ६.२ तीव्रतेचा भूकंप म्हणजे जगातला फार मोठा नव्हे. घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांनी. आदल्या वर्षी तिथे लहान लहान धक्के बसत होते. अशा धक्क्यांवरून मोठा भूकंप कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण भिंत कच्ची आहे, हे तेव्हाही डोळ्यांना दिसत होते.

२१ मार्च २०२४ आठवतो ना? रमजानचा महिना होता. सहरी, फजर आटोपून घराघरांत जरा डोळा लागत होता, तोच सहाच्या सुमारास हिंगोली-नांदेडला दोन धक्के बसले. पहिला ४.५ चा. पत्र्यावर वजनाला ठेवलेले दगड काढून टाका, असे प्रशासनाने तेव्हा आवाहन केले. आमच्या गल्लीत किती जणांनी ते काढले? खरे सांगायचे तर आमच्याही पत्र्यावर दोन दगड तसेच होते. ते या रविवारी उतरवले आणि पत्रे हुक-बोल्टने पक्के केले.

‘जे नशिबात असेल ते होईल’ असे आपण सहज म्हणतो. तवक्कुल जरूर असावा. पण डोक्यावरचा दगड काढायला अल्लाहने हात दिले आहेत. आज मुलांना घेऊन घरभर फिरा. झोपण्याच्या जागेवर माळ्यावरची जड पेटी आहे का? भिंत फुगली आहे का? धक्का बसला तर मजबूत टेबलाखाली बसून डोके झाकायचे, हे त्यांना करून दाखवा. त्या मुलीला आम्ही आता हेच सांगणार आहोत.