सुपरमॅनलाही मौत हवी

सुपरहिरोचे सिनेमे मुलांना बिघडवतात, असे आमचे बुजुर्ग म्हणतात. उडणारा माणूस म्हणजे ईमानाला धोका! मग अमीर हमजाच्या दास्तानीत पऱ्या, राक्षस आणि जादूगार कमी होते का? पिढ्यानपिढ्या आपण ती ऐकलीच ना? पण दास्तानीतला अजिंक्य हमजाही शेवटी उहुदच्या लढाईत शहीद होतो. सुपरमॅनला मात्र 1992 साली कॉमिकमध्ये मारले आणि 1993 साली परत उठवले. पुढचे अंक खपायला हवेत ना!

माझा आक्षेप उडण्याला नाही, मौत रद्द करण्याला आहे. टेंभुर्णीत महामार्गाकाठी वाढणारे मूल मय्यत पाहतेच. ते घाबरते. घरातले त्यावर बोलत नाहीत. सिनेमा बोलतो आणि खोटे बोलतो. ‘तुला काही होणार नाही’ ही थाप भ्यालेल्या जिवाला गोड लागते. मग तेच मूल मोठे होऊन बेफिकीरपणे तंबाखूची पुडी फोडते.

बंदीने काय साधते? 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पुडी सुटली का?

त्यापेक्षा मुलांना मालेगावचा सुपरमॅन दाखवा. नासिर शेख यांच्या त्या सिनेमाचा नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार, अंगाने काटकुळा. 2011 साली तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. त्याला परत उठवणारा पुढचा अंक नव्हता. मुलांना जवळ बसवून हेही सांगा. उडण्याचे स्वप्न त्यांच्याकडून काढून घेऊ नका. फक्त जमीन कुठे आहे ते दाखवा.