भार वाहणाऱ्यांचे शौर्य

शौर्याची कल्पना समाजाने फार काळ बंदुकीशी बांधून ठेवली आहे. शत्रूवर चालून जातो तो वीर. त्याच्यापर्यंत काडतुसे, पीठ आणि निरोप पोहोचवणारा मात्र नुसता नोकर. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने ही समजूत काही अंशी मोडली. १९३८ साली सुरू झालेले ‘धैर्यासाठी’ हे पदक तोफांच्या माऱ्यात तुटलेली टेलिफोनची तार जोडणाऱ्या साध्या शिपायांनाही मिळाले.

२३ मे १९४४ च्या सोव्हिएत हुकुमाने तर दोन हिंदी सैनिकांना ‘लाल तारा’ हा सन्मान दिला. तामिळनाडूचे सुभेदार नारायणराव निकम आणि पिथोरागढचे हवालदार गजेंद्रसिंह चंद. दोघेही रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे, म्हणजे रसद वाहणाऱ्या दलाचे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश व रशियन फौजा इराणात शिरल्या आणि तेथून रशियाकडे जाणारी वाट खुली झाली. अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या सामग्रीपैकी सुमारे चौथा हिस्सा या वाटेने गेला. कागदावर तो टनांचा आकडा आहे. प्रत्यक्षात ती माणसांची कष्टाची मजल होती.

या गौरवात एक सल आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदी जनतेला न विचारता देश युद्धात लोटला. १९४२ साली राष्ट्रीय नेते तुरुंगात होते, १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. लाल तारा देणारी सत्ताही निष्कलंक नव्हती. तिच्या श्रमछावण्या जगाला ठाऊक आहेत. तरीही फासिझमचा पराभव ज्यांच्या खांद्यांवरून पुढे गेला, त्यांचे ऋण नाकारता येत नाही. वर्दी साम्राज्याची होती. घाम हिंदी कष्टकऱ्याचा होता. या युद्धात सुमारे ८७ हजार हिंदी सैनिक मेले. त्यांतील किती नावे शाळकरी मुलांना ठाऊक आहेत?

पदकाची मर्यादा येथेच दिसते. ते दोघांना मिळते, हजारोंना वगळते. भिवंडीजवळ दापोडे परिसरात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईची घरे ज्या मालावर चालतात, तो तेथे उतरतो, चढतो. पोत्याचा, खोक्याचा हिशेब चोख ठेवला जातो. पाठीवर ते वाहणाऱ्याचे नाव मात्र अनेकदा ठेकेदाराच्या वहीपलीकडे जात नाही.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तो हमालाला वीर म्हणण्यासाठी नव्हे. नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे त्याचे हक्क आहेत, एवढेच त्या कायद्याने मान्य केले. कार्यकर्त्यांनी गोदामांच्या दारांशी जाऊन विचारावयाचा प्रश्नही तोच आहे: येथल्या किती जणांची नोंद झाली?

सन्मान हा अपवाद असतो. हक्क हा नियम व्हावा लागतो.