त्या आठ टक्क्यांना रद्दी म्हणू नका

घरात कुणाला रक्ताचा कर्करोग निघाला की कुजबुज सुरू होते, ‘विषाणूचा आजार आहे, ताट वेगळे ठेवा.’ हे साफ चूक आहे. एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, एक प्रकार होतो हे खरे, पण तो विषाणूही एका ताटात जेवल्याने पसरत नाही. आणि आपल्या सगळ्यांच्या डीएनएत जे विषाणूंचे अवशेष आहेत, ते तर लाखो वर्षांपूर्वी पूर्वजांच्या बीजपेशींत शिरून तिथेच राहिलेले. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग त्यांचा आहे. रुग्णात आहेत तसे त्याच्या शेजाऱ्यातही. ते कुणाकडून लागत नाहीत.

शिकलेल्यांचा आक्षेप वेगळा: ‘ही तर डीएनएतली रद्दी, तिच्यात काय बघायचे?’ ज्या वारेतून गर्भ पोसला जातो ती घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन याच रद्दीतून आलेले आहे. निरोगी पेशी हे अवशेष बहुतांशी दाबून ठेवते. कर्करोगात तो दाब सैल होतो. काही अवशेष अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात शेजारच्या जनुकांची कळ दाबतात, हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवले. मग कोणते अवशेष जागे झाले यावरून आजार कुठे वळेल याचा अंदाज का बांधू नये? आज गुणसूत्रे आणि एनपीएम१, टीपी५३ अशी जनुके पाहून या ल्युकेमियाच्या रुग्णांचे धोक्यानुसार तीन गट पाडतात. मधल्या गटात अस्थिमज्जा-प्रत्यारोपण करावे की नाही, यावर डॉक्टरही अडतात. नव्या खुणेची खरी गरज तिथेच आहे. मात्र जाग्या अवशेषांची ही खूण अजून उपचाराच्या नियमांत आलेली नाही. आज कुणी अशी चाचणी विकू लागला तर पैसे देऊ नका.

‘आपल्या ब्रह्मपुरीसारख्या गावाला याचे काय?’ असेही विचारतात. ब्रह्मपुरीचाच प्रश्न आहे हा! जागे झालेले अवशेष आरएनएवरून ओळखतात, आणि आरएनए नाजूक. जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त नागभीड, भिवापूर, उमरेड करीत नागपूरला पोचते, तोवर नळी तशीच लाल दिसते. आतला आरएनए मात्र तुटू लागलेला असतो. आपले नमुने असे वाटेतच वाया गेले तर उद्याच्या खुणा परक्या रुग्णांवरून ठरतील. जीनोमइंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले, पण ते निरोगी लोकांचे. म्हणून मागणी एवढीच: आरएनए टिकवणारी नळी उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवा, आणि रुग्णाला नीट समजावून, त्याची संमती घेऊनच नमुना घ्या.