आधी पुराची रेषा, मग रंग

भगिनींनो, जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. जुनं घर नव्यानं सजवताना पुराची ती रेषा रंगाखाली झाकू नका. आधी तिच्याहून हातभर वर एक भक्कम फळी ठोका. रेषा डोक्यावर असेल तर माळ्यावर जागा करा. कुरआन शरीफ, घराचे कागद, औषधं तिथंच ठेवा.

भिंत चुन्याची असेल तर पोपडे खरवडा, पूर्ण सुकू द्या आणि चुनाच लावा. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो. कळीचा चुना विझवताना डोळे जपा.

विजेचे बोर्ड वर घेणं मात्र वायरमनचं काम. फळी कुठं आहे, हे मुलांनाही दाखवून ठेवा.