प्रदूषण करील तो भरील? कोण म्हणतो!

'शाश्वत विकास' हा शब्द हल्ली मंत्र्यापासून कंपनीच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. झाडं लावून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला पैशाबद्दल बोलायचंय. या देशातली घाण निस्तरायचा खर्च कोण भरतो, एवढाच सवाल आहे.

कागदावर उत्तर सोपं आहे. तामिळनाडूतल्या टॅनऱ्यांनी पाणी नासवलं, त्या वेल्लोरच्या खटल्यात 1996 साली सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, प्रदूषण करील तो भरील. 2006 च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरणातही हे तत्त्व आहे. त्याच धोरणात आणखी एक कलम आहे, आपल्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक असेल. कचरा गोळा करणाऱ्या, भंगाराचा पुनर्वापर करणाऱ्या असंघटित धंद्याला कायदेशीर मान्यता द्या, त्यांना वित्तसंस्थांचं कर्ज आणि तंत्रज्ञान मिळवून द्या. हे सरकारने लिहिलंय, पँथरच्या जाहीरनाम्यात नाही. आता आपापल्या वस्तीत विचारा, कचरा वेचणाऱ्या किती बायांना बँकेने कर्ज दिलं ते.

साधा हिशेब घ्या. थंड पेयाची बाटली. कंपनी विकते, नफा खिशात घालते. रिकामी बाटली रस्त्यावर. ती उचलायचा, निवडायचा, पुन्हा कामात आणायचा खर्च बाटलीच्या किमतीत धरलेलाच नसतो. अर्थशास्त्राची पुस्तकं याला बाह्य खर्च म्हणतात. बाह्य म्हणजे काय? गावकुसाबाहेरचा! शब्द कसा फिट्ट बसलाय बघा. खर्च गावकुसाबाहेर फेकायचा, आणि तिथं कोण राहतं हे मनूला माहीत होतं, म्युनिसिपालटीलाही माहीत आहे.

ती बाटली पहाटे एक बाई उचलते. भंगारवाल्याच्या काट्यावर टाकते. काटा त्याचा, भाव त्याचा. तिथून मोठं गोदाम, तिथून कारखाना. पुढं प्रत्येक हातात तिची किंमत चढत जाते. पहिल्या हाताला काय पडतं? तिने उचललेल्या प्रत्येक किलोमागे पालिकेचा ट्रक, डिझेल, डम्पिंगची जागा वाचते. ही बचत बजेटात तिच्या नावावर जमा होत नाही. याला मी फुकट राबवणं म्हणतो, आपल्या बापजाद्यांनी त्याला वेठ म्हटलं.

2022 साली केंद्राने प्लास्टिकबाबत उत्पादकांच्या वाढीव जबाबदारीची नवी व्यवस्था आणली. कंपनीने बाजारात सोडलेल्या प्लास्टिकच्या हिशेबाने पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रं दाखवायची. ती नोंदणीवाल्या कारखान्याकडून विकत मिळतात. म्हणजे कंपनीचा पैसा निघाला तो कारखान्याशी थांबला. काट्यावरच्या बाईपर्यंत तो पोचलाच पाहिजे अशी सक्ती नाही. घाण तिने उपसायची आणि सर्टिफिकेट शेटजीचं!

(गटारात उतरून मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2023 साली सांगितलं. 2014 च्या निकालात हाच आकडा 10 लाख होता. मेलेल्याची भरपाई कोर्ट ठरवतं. जित्याची मजुरी कोण ठरवतो? ठेकेदार.)

आता देवनार. तिथलं डम्पिंग 1927 साली सुरू झालं. त्याच साली बाबासाहेब महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगणं हा पर्यावरणाचाच लढा होता असं मी मानतो, वाघ-जंगलवाल्यांना पटो न पटो. तर देवनार. मुंबईचा उकिरडा तिथं डोंगराएवढा झाला, आणि त्यावर पोट भरायला दलित आणि मुसलमान आले. जानेवारी 2016 मध्ये तिथं आग लागली, धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला. मग पहारा कडक झाला, वेचणाऱ्यांना आत शिरणं मुश्कील झालं. 2024 साली त्यातलीच 124 एकर जमीन धारावीतून हलवायच्या लोकांसाठी देण्याचं ठरलं. 2025 साली साचलेला सुमारे 185 लाख टन कचरा उपसायला सुमारे 2,368 कोटींचं कंत्राट निघालं. डोंगर हलवायला कोटी आहेत. तोच डोंगर पोटासाठी रोज थोडा थोडा हलवणाऱ्याला मात्र कुठल्याच टेंडरने विचारलं नाही.

हे होऊच शकत नाही असं कोणी सांगेल तर त्याला पुण्याला पाठवा. तिथं 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बहुसंख्य दलित बाया. दोन-तीन वर्षांत पालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं त्यांनी मिळवली. 2008 पासून त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या बाया दारोदार कचरा घेतात, त्याचे पैसे घरमालकाकडून घेतात आणि भंगारही विकतात. तिथंही कंत्राटाच्या नूतनीकरणासाठी पुन्हा पुन्हा झगडावं लागलंय. पण मजुरी मागायची असते, हे त्या बायांनी शिकवलं.

मागणी स्पष्ट करतो. वेचलेल्या प्रत्येक किलोमागे पालिकेने मजुरी द्यावी, भंगाराचा भाव वेगळा. कंपन्यांच्या प्रमाणपत्राच्या पैशात वेचणाऱ्याचा वाटा नियमानेच बांधावा. देवनार उपसायच्या कामावर पहिला हक्क देवनारच्या वस्त्यांचा.

आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांनो, भाषणं पुरे. या महिन्यात आपापल्या वस्तीतल्या भंगाराच्या काट्यावर उभे राहा. बाटली, पुठ्ठा, पत्रा, काय भावाने घेतात आणि पुढं गोदामाला काय भावाने देतात ते वहीत टिपून आणा. दुकानदाराचं नाव नको, भाव आणि तारीख पाहिजे. पुढच्या अंकात दोन्ही भाव शेजारी शेजारी छापतो.