शेताचा बांध राखला, मताचा बांध मोकळाच



तुमच्या शेताचा गट नंबर काय, असे कुणालाही विचारा. झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. सात-बारावर किती आर लागले, पोटखराबा किती, उगवतीला कुणाचा बांध, नाला कुठून वळतो, सामाईक विहिरीत कुणाचा किती हिस्सा, सगळे तोंडपाठ. आता त्याच माणसाला दुसरा गट विचारा. जिल्हा परिषदेचा तुमचा गट कोणता? पंचायत समितीचा गण कोणता? ग्रामपंचायतीचा प्रभाग कितवा? विधानसभेच्या यादीत तुमचा भाग क्रमांक काय, अनुक्रमांक काय? बहुतेक जण शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात.

जमिनीचा गट माहीत आणि मताचा गट माहीत नाही, ही आपल्या चळवळीची दुखरी जागा आहे. झाकून ती बरी होणार नाही.

तांड्याची एकतीस नावे

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचे मतदान होते. दिवस वेचणीचे. एक मावशी अर्धा रोज पाडून शाळेवर आली. प्रभाग एकच्या खोलीत तिला सांगितले, तुमचे नाव इथे नाही. तिने खिडकीतून आपले घर दाखवले. तांडा शाळेला लागूनच आहे. टेबलावरचे मास्तर म्हणाले, "बाई, घर मला दिसते, पण यादीत नाव दिसत नाही."

तिचे नाव निघाले प्रभाग तीनमध्ये, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिच्याबरोबर तांड्यातली आणखी तीस नावे तिकडेच गेली होती. सरपंचाचे मत साऱ्या गावाचे असते, त्याला बाधा आली नाही. सदस्याचे मत मात्र प्रभागाचे. प्रभाग एकमध्ये आपल्या महिला आघाडीची कार्यकर्ती उभी होती. ती नऊ मतांनी पडली.

मावशी मला म्हणाली, "माह्या घरापुढची नाली ज्याच्या हाती, त्याले मले मत देता येत नाई. ज्याले मत देल्लं, त्याले माहं घरच ठाव नाई. मंग सांग भाऊ, हे मत कोनाचं?"

मला उत्तर देता आले नाही, कारण दोष माझाही होता. प्रभागाची प्रारूप यादी त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर टांगलेली होती. त्याच आठवड्यात त्याच फळ्याखाली आमची कापूस खरेदीवर सभा झाली. मी दीड तास बोललो. पाठीमागे टांगलेली यादी मी वाचली नाही.

टेबलामागचा माणूस

त्या दिवशी आपल्या पोरांनी मास्तरांवर आवाज चढवला. चुकीच्या माणसावर चढवला. तो बाहेरगावचा शिक्षक. आदल्या दिवशी पेटी घेऊन आला, रात्री शाळेच्या फरशीवर झोपला. तुमचा तांडा, तुमचे पोड, तुमचा बेडा, तुमची शेतवस्ती त्याने जन्मात पाहिलेली नाही. त्याच्याजवळ असते ती फक्त यादीची प्रत. त्या प्रतीबाहेर त्याला जाता येत नाही. ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तिथे मत नाही, हा लोकप्रतिनिधित्वाचा १९५१ चा कायदा सांगतो आणि स्थानिक निवडणुकांतही तोच न्याय चालतो.

इथे दोन चुकांमधला फरक नीट समजून घ्या. पहिली चूक लिहिण्याची. तुकारामचे तुळशीराम झाले, वयात दहा वर्षे वाढली, बापाच्या नावाची वेलांटी चुकली. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला १९६१ चे निवडणूक नियम लागतात. त्यात स्पष्ट आहे की माणूस तोच आहे अशी खात्री पटली तर लेखनाची वा छपाईची चूक अधिकाऱ्याने सोडून द्यायची. इतकेच नाही, मतदाराची ओळख पटवायला मदत म्हणून केंद्राध्यक्षाला योग्य वाटतील ती माणसे नेमता येतात. म्हणजे गावाच्या माहितीशिवाय हे काम होत नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

दुसरी चूक जागेची. नाव बरोबर, माणूस बरोबर, पण प्रभाग चुकला. ही चूक त्या टेबलावर दुरुस्त होत नाही. केंद्राध्यक्ष सज्जन असो की तापट, त्याच्या हातात ते नाही. ती दुरुस्ती त्याच्या आधी व्हावी लागते, आणि ती आपण करवून घ्यावी लागते.

यादी कशी फुटते

राज्यघटनेच्या ७३व्या दुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग आला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या निवडणुका तो घेतो. पण त्याची स्वतःची वेगळी मतदार यादी नसते. एक तारीख ठरते, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतली जाते आणि ती प्रभागवार, गणवार, गटवार फोडली जाते. फोडताना नवे नाव घालता येत नाही, जुने काढता येत नाही. फक्त वाटणी होते.

वाटणी करणारा तहसीलच्या गावी बसलेला असतो. त्याच्यापुढे शेकडो नावांचे भाग. नावापुढे वस्तीचे नाव आणि घर क्रमांक नीट असेल तर तो बरोबर वाटतो. पण आपल्या याद्यांत काय दिसते? वस्तीच्या जागी नुसते गावाचे नाव. घर क्रमांकाच्या जागी शून्य, नाही तर आडवी रेघ. मग तो अंदाजाने टाकतो. तांड्याची एकतीस नावे अशीच गेली. त्यात कुणाचा डाव होता का, हे मी शोधले. डाव सापडला नाही, एकतीस शून्ये सापडली. डाव असता तर निदान भांडायला माणूस मिळाला असता.

घर क्रमांक नाही असेही नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, तो लिहिलेला आहे. आणि मतदार यादीतली नोंद दुरुस्त करण्याच्या अर्जाचे नावही नमुना ८ च. या आठातला आकडा त्या आठात नेऊन घालणे, एवढेच काम आहे. ते कुणी करत नाही म्हणून माणूस स्वतःच्या दारात परका होतो.

सात दिवस, तेही सुगीचे

जिल्हा परिषदांची २०२५ ची गोष्ट आठवा. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, तेव्हा चक्र हलले. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली गेली. गट-गणांच्या प्रारूप याद्या ८ ऑक्टोबरला लागल्या आणि हरकतींची मुदत दिली १४ ऑक्टोबरपर्यंत. सात दिवस!

हे सात दिवस कोणते? सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात माती खरडून नेली होती, पंचनाम्यासाठी लोक तलाठ्यामागे धावत होते. जे सोयाबीन वाचले ते काढायचे होते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर होती, रब्बी ज्वारीचा वाफसा निघून चालला होता. साडेतीन वर्षे निवडणूक टांगून ठेवायला सरकारला सवड होती. आमचे नाव आमच्या गणात आहे का हे बघायला आम्हाला एक आठवडा, तोही सुगीचा. कोरडवाहू शेतकऱ्याचे पंचांग न पाहता वेळापत्रके काढणाऱ्यांना आपण विचारले पाहिजे की हा आठवडा तुम्ही कुणासाठी ठेवला होता? हरकतीला किमान एकवीस दिवस मिळाले पाहिजेत आणि त्या काळात प्रत्येक गावात यादीचे चावडीवाचन झाले पाहिजे. ही मागणी या बैठकीच्या ठरावात गेली पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? एकवीस दिवस मिळाले आणि आपण सभाच घेत बसलो, तर एकवीस दिवसही वायाच.

आपल्यातलेच दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : हे सरकारचे काम, पगार त्यांनी घ्यायचा आणि राबायचे आपण? मी विचारतो, मोजणी कुणाचे काम? भूमी अभिलेखचेच ना? पगार मोजणीदाराला, फी आपली. तरी मोजणीच्या दिवशी घरात बसलेला शेतकरी कुणी पाहिला आहे का? जेवण टाकून आपण बांधावर उभे राहतो. इथे जुना दगड होता, इथून धुरा जातो, हे झाड आजाने लावले, असे एकेक दाखवतो. कारण ठाऊक असते, आपण दाखवले नाही तर खूण शेजाऱ्याच्या सोयीने पडेल. मोजणीदाराला मदत करणे ही त्याची चाकरी नव्हे, आपल्या जमिनीची राखण आहे. यादीचेही तेच.

दुसरा आक्षेप : मताने कापसाला भाव मिळतो का? ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या मेंबरने काय केले? काही नाही, आणि त्याला करता येण्यासारखे नव्हतेही. पण गावचा रस्ता, शाळेचे छप्पर, जनावरांचा दवाखाना, पाझर तलावाची दुरुस्ती या गोष्टी याच माणसांच्या हातून जातात. आणि दिल्लीचे मतही याच यादीतून निघते. २०२४ मध्ये मुंबईत एक लोकसभेची जागा ४८ मतांनी लागली. आपल्या विदर्भात साकोलीची विधानसभा २०८ मतांनी लागली. एक तांडा, एक पोड आणि दोन आळ्या, एवढाच हा फरक. जी चळवळ आपल्या गावातली एकतीस नावे जागेवर लावू शकत नाही, तिने दिल्लीला जाब विचारला तर दिल्ली घाबरेल कशाला?

निकाल लागल्यावर यादीत घोळ झाला म्हणून छाती पिटणारे पुढारी सर्व पक्षांत आहेत. पेरणीनंतर बियाणे उगवले नाही म्हणून ओरडणाऱ्याला आम्ही शेतकी पदवीधर पहिला प्रश्न विचारतो की शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले होते का? यादीबद्दल तोच प्रश्न पुढाऱ्यांना विचारा. आणि आधी स्वतःला.

गावोगाव काय करायचे

एक. आपल्या प्रभागाची, गणाची, गटाची प्रसिद्ध झालेली हद्द कागदावर उतरवून घ्या आणि दोघा-चौघांनी ती पायी फिरून पाहा. कोणती आळी आत, कोणती बाहेर, शेतातली घरे कुठे, हे तहसीलच्या नकाशापेक्षा तुमच्या पायांना अधिक कळते.

दोन. घरनिहाय वही करा. ग्रामपंचायतीचा घर क्रमांक, घरातल्या प्रत्येक मतदाराचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, विधानसभेचा भाग, अनुक्रमांक आणि खरा प्रभाग. दोनशे घरांच्या गावाला चार पोरे आणि चार संध्याकाळी पुरतात.

तीन. चूक दिसली की निवडणुकीची वाट पाहू नका. दुरुस्ती आणि पत्ता बदल यांचा नमुना ८, नव्या नावाचा नमुना ६. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. २०२२ पासून अठरा वर्षे मोजायच्या तारखा वर्षातून चार झाल्या आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे आधी पाहा. नाव माहेरी, चूल सासरी, मत कुठेच नाही, अशी गत फार जणींची असते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून नोंदलेल्या सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गेली होती. तेव्हा नाव नव्हते म्हणून मत गेले, आज नाव असून जागा नाही म्हणून जाते. ऊसतोडीला वा विटभट्टीवर गेलेल्यांची नावे कुणी काढू पाहील तर हरकत घ्या. तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस गावचा राहिवासी राहत नाही असे होत नाही, हे १९५० च्या कायद्यात लिहिलेले आहे.

चार. प्रारूप यादी लागली की पहिल्याच संध्याकाळी ती चावडीवर मोठ्याने वाचा. वही समोर ठेवा. चुकीच्या प्रभागात गेलेल्या प्रत्येक नावाची, भाग आणि अनुक्रमांकासह, लेखी हरकत मुदतीत द्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

पाच. मतदानाच्या दिवशी दोनशे मीटरच्या पलीकडे बसा आणि पांढऱ्या कोऱ्या कागदावर प्रभाग, खोली आणि अनुक्रमांक लिहून द्या. चिन्ह नको, उमेदवाराचे नाव नको. म्हातारा माणूस दोन रांगांत उभा राहून तिसऱ्या खोलीत पोचला, असे व्हायला नको.

आणि शेवटची अट सगळ्यात कडक आहे. जो आपल्याला मत देणार नाही, त्याचेही नाव त्याच्या खऱ्या प्रभागात लावायचे. आपल्या सोयीची नावे सरकवायला ही वही वापराल तर पहिले खोटे आपल्याच माथी येईल, आणि यादीसाठी खोटे निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेपेक्षा मोठे नुकसान दुसरेच. एकदा तहसीलला कळले की या लोकांची वही खरी असते, कुणाचीही बाजू न घेता केलेली असते, की पुढच्या वेळी यादी फोडणारा कारकून अंदाजाने नाव टाकण्याआधी तुम्हाला विचारील. तो विश्वास एका निवडणुकीसाठी विकू नका.

आजवरचे प्रभाग २०११ च्या जनगणनेवर पाडलेले आहेत. २०२७ ची जनगणना झाली की या रेषा पुन्हा हलतील. मोजणीदार येणार हे ठरलेले आहे. आपण बांधावर उभे असणार की घरात, एवढेच ठरायचे आहे.

बैठकीहून परत जाल तेव्हा एकेका गावाने वहीची जबाबदारी कुणाची ते नावानिशी सांगून जायचे. पुढच्या बैठकीला भाषणे मागून, वह्या आधी. मला त्या मावशीला अजून उत्तर द्यायचे आहे.