मातृऋण आणि मासिक शुल्क
स्मृतिभ्रंश झालेली आई तक्रार करू शकत नाही. म्हणूनच तिला सांभाळणाऱ्या निवासाचे उत्तरदायित्व दुप्पट होते. देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख जणांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्यागणिक किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची अपेक्षा धरली. परंतु येथे केवळ अन्न-निवारा पुरत नाही. रात्री भटकणाऱ्या वृद्धाला खाटेशी बांधणे वा गुंगीच्या गोळ्या देणे ही शुश्रूषा नव्हे, ती व्यवस्थापनाची सोय होय. रात्रपाळीला प्रशिक्षित सेवक किती, औषधांची नोंद कोण ठेवतो, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. पुढे अधूनमधून न कळवता जावे. मातृऋण मासिक शुल्काने फिटत नसते.